'सुझुमे' बघितला. मावशीला दाखवावा का?

तेरणाकाठ
(कथानक उघड होईल असं बरंच लिहिलं आहे. ज्यांना कोऱ्या मनानं बघायचा आहे त्यांनी आधी बघून या.)

रविवारी लेकीबरोबर 'सुझुमे' बघितला. माकोतो शिंकाईचा २०२२ चा जपानी ॲनिमेशनपट. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याकडे थेटरात लागला होता तेव्हा हुकला, आता घरी टीव्हीवर बघितला. लेक दहा वर्षांची आहे. तिला बोलणारं मांजर आणि तीन पायांवर पळणारी खुर्ची बघायची होती, म्हणून लावला. तो कशाबद्दल आहे हे मला माहीत नव्हतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुझुमे सतरा वर्षांची, क्यूशू बेटावर मावशीकडे राहते. ती चार वर्षांची असताना, ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत तिची आई गेली. देशभरातल्या ओसाड जागांमध्ये काही दारं उघडतात, त्यातून भूकंप घडवणारा एक प्रचंड तांबडा लोळ बाहेर येतो, आणि ती दारं बंद करत फिरणाऱ्या एका तरुणाबरोबर ती घराबाहेर पडते. तो तरुण शापानं खुर्ची होतो. खुर्ची आईनं तिच्यासाठी केलेली. असं करत करत ती क्यूशूहून एहिमे, कोबे, तोक्यो आणि शेवटी उत्तरेला आपल्या मूळ गावी पोहोचते.

तिथे घराचा फक्त जोता उरलाय. ती जमीन उकरून एक डबा काढते. आत लहानपणीची चित्रांची डायरी. आधीची पानं रंगीत. ११ मार्चचं पान काळ्या खडूनं गिरवलेलं. पुढचंही. त्याच्या पुढचंही.

लेकीनं माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तू पण चारच वर्षांची होतीस ना?"

हो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमचं गाव किल्लारीजवळचं. आईबाबा दोघंही गेले. मी आजोळी होते म्हणून राहिले. मला मावशीनं वाढवलं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिनं लग्न केलं नाही. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, सोलापुरात एकटी राहते. आम्ही दोघी त्या रात्रीबद्दल बत्तीस वर्षांत कधीच बोललेलो नाही. वर्षश्राद्ध होतं, पान वाढलं जातं, कावळ्याची वाट बघतो, संपलं.

या चित्रपटात सुझुमेपेक्षा तिच्या मावशीनं, तमाकीनं, मला जास्त रडवलं. आता सारखं वाटतंय की हा मावशीला दाखवावा. आणि तितकीच भीतीही वाटते. तुम्ही काय कराल?

कोकणकडा
थेटरात बघितलाय. पहिला अर्धा तास मित्र आणि मी हसत होतो, शेवटच्या अर्ध्या तासात दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. इतकंच सांगतो की दाखवा.

शेंगदाणा_लाडू
सेरिझावाच्या, म्हणजे त्या तरुणाच्या मित्राच्या, लाल गाडीवर कोणी बोलणार की नाही? टप बंद होत नाही, पाऊस सुरू, आणि हा माणूस जुनी गाणी लावून गाडी हाणतोय. आमच्या मामाची जीप डिट्टो अशीच होती. मामा पण असाच, न विचारता मदतीला येणारा.

अभ्यंकर_नाना
तेरणाकाठ, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी नातवाबरोबर बघितला आणि मला खटकला. पंधरा हजारांहून जास्त माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास अजून सापडलेली नाहीत. अशा घटनेवर धावणारी खुर्ची, खोडकर मांजर आणि कॉलेजकुमाराबद्दलचं आकर्षण हे सगळं चढवायचं? भूकंप का होतो, तर म्हणे जमिनीखालचा किडा. नातवाला नंतर भूपट्टांची हालचाल समजावताना नाकीनऊ आले. जपानसारख्या विज्ञाननिष्ठ देशानं मुलांना हे दाखवावं?

तोक्योकर
नाना, मी २००८ पासून तोक्योत आहे, थोडं सांगतो.

त्या दिवशी दुपारी २:४६ ला मी शिंजुकूत कामावर होतो. इमारत बोटीसारखी डोलत होती आणि ते थांबतच नव्हतं. लोकलगाड्या बंद पडल्या. निशीकासाईला घरी चालत निघालो, साडेचार तास लागले. रस्त्यावर हजारो माणसं चालत होती आणि आवाज नव्हता. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते. आणि आम्ही तर केंद्रापासून कितीतरी लांब होतो.

इथे हा चित्रपट लागला तेव्हा थेटरवाल्यांनी आधीच सूचना लावल्या होत्या, की चित्रपटात भूकंपाच्या धोक्याच्या इशाऱ्यासारखा आवाज आहे, तो खऱ्या इशाऱ्याचा नाही. तुम्हाला ती सूचना वाचून काही वाटणार नाही. पण इथे तो आवाज फोनमधून आला की झोपेतला माणूसही आधी मुलाला ओढून टेबलाखाली जातो, जागा नंतर होतो. थेटरात तो वाजला तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पर्स छातीशी धरली आणि पुढचा अर्धा तास ती तशीच होती.

किड्याबद्दल. तो शिंकाईनं हवेतून काढलेला नाही. जमिनीखाली एक महाकाय मासा असतो, त्यानं शेपूट हलवली की भूकंप होतो, ही इथली जुनी समजूत. इबाराकीत काशिमाचं देवस्थान आहे, तिथे एक दगड आहे, 'कानामेइशी'. त्या माशाला दाबून धरणारा दगड. वर बघितला तर टीचभर दिसतो. चित्रपटातली मांजरं म्हणजे तेच दगड आहेत. इथल्या पोराला शाळेत भूपट्टही शिकवतात आणि आजोबा त्याला हा दगडही दाखवतात. दोन्हीत भांडण नाही.

वडाची_पारंबी
+१. आमच्या आजीचा शेषनाग काय वेगळा होता? "शेषानं कूस बदलली गं बाई" म्हणायची, आणि त्याच दमात "आधी चूल विझवा, दाराबाहेर व्हा." श्रद्धा आणि अक्कल एकाच घरात नांदायची.

धोमधरण
शेषनागावरून आठवलं. थोरले काका कोयनानगरला नोकरीला होते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सगळे झोपेत. काका कायम सांगायचे की आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून ट्रकांची रांग गेल्यासारखा, आणि मग हादरा. त्यानंतर ते आयुष्यभर दाराकडे डोकं करून झोपले. घरात जावई आले, पाहुणे आले, तरी दारालगतची जागा काकांची. आम्ही मुलं त्याला त्यांची सवय समजायचो. ती भीती होती, हे मला त्यांच्या तेराव्याला कळलं.

चिंचेचं_पान
आमच्या घरी पानशेत. १२ जुलै १९६१. आजीनं त्यानंतर तळमजल्यावर एकही ट्रंक ठेवली नाही. पुराची रेघ शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर होती, वाडा पाडला तेव्हा ती गेली. तेव्हा आजी रडली, पुराच्या वेळी रडली नव्हती म्हणे.

गुलबक्षी
विषय फार चांगला निघालाय. मी प्राथमिक शाळेत शिकवते, महाड तालुक्यात. जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली. आमच्या शाळेत त्या बाजूच्या नात्यातली मुलं होती. पहिले काही आठवडे आम्ही ठरवलं होतं की मुलांसमोर विषय काढायचा नाही. चित्रकलेच्या तासाला 'आवडता प्राणी' दिला. तिसरीतल्या एका मुलानं गाय काढली, तिच्या मागे डोंगर काढला, आणि मग पूर्ण गाय मातीच्या रंगानं झाकून टाकली. शांतपणे. जीभ बाहेर काढून, मन लावून. मी विचारलं गाय कुठे गेली, तर म्हणाला, "आत आहे."

त्यानंतर आम्ही विषय टाळणं बंद केलं. रोज थोडा वेळ ठेवला, ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, ज्याला नाही त्यानं बसावं. मुलं दरडीचा खेळ खेळायची. वाळूचा ढीग, त्यात खडूची घरं, मग ढीग पाडायचा. मोठी माणसं ओरडायची, "हा काय अभद्र खेळ?" पण मुलं असंच सोसतात, पुन्हा पुन्हा खेळून. हळूहळू खेळात एक मुलगी रुग्णवाहिका घेऊन यायला लागली. मग एक जण घरं पुन्हा मांडायला लागला.

म्हणून नाना, मला खुर्ची आणि मांजर खटकले नाहीत. मुलाला दुःखाच्या दारापर्यंत जायला कुणीतरी हात धरणारं लागतं, मग ती तीन पायांची खुर्ची का असेना. आणि खुर्चीला चौथा पाय शेवटपर्यंत बसत नाही, ती तीन पायांवरच धावायला शिकते, हे आमच्या चौथीच्या मुलांना मला न सांगता कळलं.

पालकांसाठी: दहाच्या पुढच्या मुलांना बरोबर बसून दाखवा. लहानांना जळणारं गाव आणि हरवलेली आई शोधणारं बर्फातलं पोर हे जड जाईल.

अभ्यंकर_नाना
गुलबक्षी, तुमच्या "आत आहे" नंतर मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला. किड्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण शेवट फार गोड आहे, यावर मी ठाम आहे. दार बंद झालं, कुलूप लागलं, मुलगी बरी झाली. असं होत नाही हो. माझा धाकटा भाऊ २६ जुलै २००५ ला मुंबईत गेला. एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. कुठलं दार आणि कुठलं कुलूप? काळ हे औषध आहे म्हणणाऱ्यांना मी वीस वर्षं ऐकतोय.

तोक्योकर
नाना, भावाबद्दल वाईट वाटलं.

शेवट गोड आहे हे थोडं खरं आहे, पण मधली एक जागा आठवून बघा. उत्तरेकडे जाताना गाडी थांबते. समोर हिरवंगार माळरान, मोकळी घरं, पलीकडे समुद्र. सेरिझावा सहज म्हणतो की इथे एवढं सुंदर आहे हे माहीत नव्हतं. आणि सुझुमे दचकते. हे, सुंदर? तिला ते तसं दिसूच शकत नाही. तो भाग फुकुशिमाकडचा आहे, किरणोत्सर्गामुळे माणसांना गाव सोडावं लागलं तिथला. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. एकाच जागेला दोन माणसं बघतायत. दिग्दर्शक तिथे कोणाचीही समजूत घालत नाही, गाडी पुढे जाते.

तेरणाकाठ
तोक्योकर, त्याच जागी मी टीव्ही थांबवून पाणी प्यायला उठले होते.

भूकंपानंतर आमच्याकडे बावन्न गावं पूर्ण उचलून नव्या जागी वसवली. नवीन गाव सरळ रेषेतलं, रुंद रस्ते, रांगेत घरं. जुनं गाव तसंच पडलेलं. दोन अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती, तेच घर उन्हाळ्यात थंड ठेवायचं आणि तेच त्या पहाटे अंगावर आलं. आता तिथे बाभळी माजल्यात. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन गेले होते. तो नाशिकचा. चालता चालता म्हणाला, "किती शांत आहे गं इथे." त्याची काही चूक नव्हती. मोर ओरडत होते. पण मी परत येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही, आणि का बोलले नाही हे त्याला सांगायला मला शब्द नव्हते. परवा त्या प्रसंगाला त्यानंच हळूच विचारलं, "तेव्हा असं झालं होतं का?" हो म्हणाले.

सातपुडा
सगळे दाखवा दाखवा म्हणताय, मी उलट सांगतो. खपली काढू नका. मावशींनी बत्तीस वर्षं स्वतःला सावरून धरलंय, त्याची त्यांची एक पद्धत आहे. पान वाढणं, कावळ्याची वाट बघणं, हे बोलणंच आहे. आपल्या पिढीला सगळं शब्दात हवं असतं. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून त्यांना त्या रात्रीत परत का न्यायचं?

शेंगदाणा_लाडू
सातपुडा, मुद्दा पटतो. माझी आजी पण आजोबांच्या विषयाला कायम "भाजी जळतीये" म्हणून उठायची. एकदा तर गॅसच बंद होता.

माजघर
सातपुडा, मी तुम्ही म्हणता त्या बाजूची आहे, म्हणजे मावशीच्या बाजूची. नात्यानं आत्या.

भाऊ-वहिनी गेले तेव्हा पुतण्या सहा वर्षांचा होता. कसे गेले ते इथे नको. मी एकतीस वर्षांची, साखरपुडा झालेला. मुलाकडचे म्हणाले, पोराला वसतिगृहात ठेवा. मी नाही म्हणाले, त्यांनीही नाही म्हटलं. यात मी मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पोरगं रात्री माझा पदर मुठीत धरून झोपायचं, आणि तो सोडवून घ्यायला माझं मन होत नव्हतं, एवढंच.

तो चित्रपटातला गाड्या थांबायच्या जागेवरचा प्रसंग. पाऊस. तमाकी ओरडते, माझं आयुष्य मला परत दे. माझी दहा वर्षं, माझं लग्न, सगळं तुझ्यापायी गेलं. दिग्दर्शकानं तिच्यामागे ती मोठी काळी मांजर उभी केलीय, म्हणजे हे तीच तिच्या तोंडून बोलवून घेते. मला त्या मांजरीची गरज वाटली नाही. ते सगळं खरं आहे. प्रत्येक शब्द. मी ते मोरीत भांडी घासताना कितीदा मनात बोललेय. आणि मग हात पुसून त्याचा डबा भरलाय, त्याला आवडते तशी बटाट्याची काचऱ्या भाजी, कडेला लिंबाची फोड.

पण त्यानंतरचं बघा. दोघी सायकलवर आहेत. तमाकी पुढे, सुझुमे मागे बसलेली. तमाकी म्हणते, ते सगळं माझ्या मनात होतं, पण तेवढंच नव्हतं. बस. एवढंच. तिनं माघार घेतली नाही. "मी तसं म्हणालेच नाही" असं नाही, "मला तसं कधी वाटलंच नाही" असंही नाही. तेवढंच नव्हतं, म्हणाली. माझ्या वयाच्या बाईच्या तोंडी इतकं खरं वाक्य मी कुठल्याच चित्रपटात ऐकलं नव्हतं. आपल्याकडे सांभाळणारी बाई एकतर देवी असते, नाहीतर सावत्र.

तेरणाकाठ, मला विचाराल तर दाखवा. पण "मावशी, बघ तू किती केलंस" असं म्हणायला दाखवू नका. त्या ओझ्याखाली आम्ही आधीच असतो. नुसतं शेजारी बसा.

कोकणकडा
माजघर, _/\_

वडाची_पारंबी
"माय मरो पण मावशी जगो" ही म्हण लहानपणी इतक्यांदा ऐकली, कधी थांबून विचार केला नाही. मावशीच्या बाजूनं ती कशी ऐकू येत असेल?

तेरणाकाठ
पारंबी, ती म्हण मला शब्दशः आठवते. लहान होते, तरी आठवते. भेटायला आलेल्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून मावशीकडे बघत हेच म्हणायच्या. मावशी मान हलवायची. तिची बहीण गेली होती, आणि सगळे तिला सांगत होते की तू आहेस ना, मग झालं.

माजघर, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मावशीच्या तोंडून 'माझं आयुष्य' असे शब्द मी कधीच ऐकले नाहीत. मला वाटायचं म्हणजे तिला तसं वाटत नाही.

निहोन्गो_पुणे
मी जपानी शिकवतो. भाषेची एक गोष्ट सांगतो, उपशीर्षकात ती निसटते.

शेवटाकडे त्या जळत्या गावात दाराला कुलूप लावण्याआधी त्या दिवशी सकाळच्या घराघरातल्या हाका ऐकू येतात. आधीच्या प्रत्येक दारापाशीही हेच आहे: तिथे राहून गेलेल्या माणसांचे आवाज ऐकल्याशिवाय कुलूप लागत नाही. पण इथे हाका एकच होऊन येतात. 'इत्ते किमास'. 'इत्ते राश्शाइ'. उपशीर्षकात याचं नुसतं निरोपाचं काहीतरी होतं. शब्दशः काय आहे? 'इत्ते किमास' म्हणजे 'जाऊन येते'. 'इत्ते राश्शाइ' म्हणजे 'जाऊन ये'.

जपानी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. आपणही म्हणत नाही. आपल्याकडे 'जाते' म्हटलं की आजी दटावते, "येते म्हण." वर्गात हा शब्द शिकवताना इतर भाषांमध्ये पाच मिनिटं समजवावं लागत असेल, मराठी मुलांना मी फक्त 'येतो' म्हणतो आणि पुढे जातो. तर त्या प्रसंगात हजारो माणसं एकाच सकाळी 'येतो', 'येते' म्हणून दाराबाहेर पडतायत, आणि आपल्याला माहीत आहे की त्या दुपारी २:४६ ला काय होणार आहे. चित्रपटाचा अगदी शेवटचा शब्द 'ओकाएरी' आहे. परतलेल्या माणसाला दारात म्हणतात तो. "आलास?"

चिंचेचं_पान
अंगावर काटा आला. गणपतीला पण आपण "पुढच्या वर्षी लवकर या"च म्हणतो.

तेरणाकाठ
चिंचेचं पान, ती रात्र विसर्जनाचीच होती. गावोगाव लोक मिरवणुकीहून उशिरा येऊन नुकते झोपलेले.

मी ठरवलंय. पुढच्या शनिवारी लेकीला घेऊन सोलापूरला जाते. येऊन सांगते.

अभ्यंकर_नाना
जाऊन या. आणि नातवाला विचारलं परवा, तुला त्यात काय आवडलं. म्हणाला, "ती लहानपणच्या स्वतःला भेटते आणि खुर्ची देते ते. म्हणजे आजोबा, ती खुर्ची तिला तिनंच दिली." मी हे बघितलंच नव्हतं. पुन्हा लावणार आहे.

गुलबक्षी
नाना, नातवाला माझ्या वर्गात पाठवा.

शेंगदाणा_लाडू
आमच्या पाच वर्षांच्या कन्येनं तेव्हापासून डायनिंगच्या खुर्चीला दोरी बांधून ठेवलीय, रात्री पळून जाऊ नये म्हणून. (गुलबक्षी, माफ करा, पहिलाच भाग दाखवला, मांजराचा. पुढचं बंद केलं.)

सातपुडा
तेरणाकाठ, मी नको म्हणालो होतो तरी आता वाट बघतोय. सांगा नक्की.

तेरणाकाठ
उशीर झाला लिहायला, तीन आठवडे झाले. लिहायला बसायचे आणि उठायचे.

शनिवारी संध्याकाळी पोहोचलो. मावशीनं शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी, पिठलं केलं होतं. जेवणं झाल्यावर लेकीनंच लॅपटॉप काढला, "मावशीआजी, एक मांजराचा सिनेमा बघू." जपानीतच होता. मी आणि लेक आलटून पालटून मराठीत सांगत होतो. मावशी शेंगा सोलत बघत होती. खुर्ची पळायला लागली तेव्हा इतकी हसली की सूप कलंडलं.

तमाकी ओरडते तिथे आल्यावर माझा आवाज बंद झाला. लेकही गप्प. मावशीला त्यातला एक शब्द समजत नव्हता, पण शेंगा सोलायचं थांबलं. प्रसंग संपल्यावर म्हणाली, "खरंय बाईचं." आणि परत सोलायला लागली. मी काही बोलले नाही. माजघर, तुमचं ऐकलं, नुसती शेजारी बसले.

सायकलवर तमाकी काय म्हणते ते लेकीनं सांगितलं, "आजी, ती म्हणतेय, तेवढंच नव्हतं." मावशीनं लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत तिथेच होता.

मग शेवटच्या दारापाशी त्या हाका आल्या. निहोन्गो_पुणे, तुमचं वाचलं होतं म्हणून मी सांगितलं, "मावशी, ही सगळी माणसं सकाळी घरातून निघताना 'येते' म्हणतायत, आणि घरातले 'ये' म्हणतायत."

मावशी उठून आत गेली. मला सातपुडांचे शब्द आठवले. वाटलं, चुकलं माझं. ती स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली. पितळी आहे, एका बाजूनं चेपलेला. ढिगाऱ्यातून तेवढाच हाती लागला होता. त्यावर टिंबाटिंबांनी आईचं माहेरचं नाव कोरलंय, खाली 'लहान बहिणीकडून सप्रेम'. मावशीनं शिवणाच्या पहिल्या पैशातून आईच्या लग्नात घेतलेला. मी तो लहानपणापासून बघतेय. एकदा बोहारणीनं चेप काढून देते म्हटलं तर मावशी तिच्यावर खेकसली होती.

तो मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, मला ताप होता म्हणून आईनं मला आजोळी ठेवलं. घरी गणपती बसलेला, विसर्जन करून दोन दिवसांत न्यायला येते म्हणाली. मी रडत होते. आई निघायची आणि परत वळून मला घ्यायची, निघायची आणि परत वळायची. दोनदा एसटी चुकली. मावशीला शिवणाच्या कपड्यांची घाई होती. ती वैतागली. आई तिसऱ्यांदा दारात म्हणाली, "येते गं."

"मी म्हणाले, जा बाई एकदाची. ये म्हणाले नाही मी. जा म्हणाले."

बत्तीस वर्षं हे तिच्यापाशी होतं. लग्नाला नाही म्हणण्यात हे होतं का, मी विचारलं नाही. मला काही सुचलंच नाही. लेक उठली, तिनं तो तांब्या मावशीच्या हातातून घेतला, पाण्यानं भरून आणला आणि तिला दिला. मावशी वरून पाणी प्यायली, निम्मं पातळावर सांडलं. मग मी प्यायले.

रात्री दोन वाजेपर्यंत बोलत होतो. माझी आई शिट्टी वाजवायची, हे मला पहिल्यांदा कळलं. चांगली वाजवायची म्हणे, आजोबा रागवायचे.

रविवारी दुपारी निघालो. दारात मी "येते" म्हणाले. मावशी "ये" म्हणाली. रिक्षा सुरू झाली तेव्हा परत म्हणाली, "ये गं." वळणावर मागे बघितलं तर रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती, हात वर करून काहीतरी म्हणत होती. ऐकू आलं नाही, पण तेच असणार.